रेसकोर्स रोडवरचं रेसकोर्स

छोटी: नाना, आत्या, कोणी जागं आहे का? ऑफिसच्या कामाने बडोद्याला आलेय. गेस्ट हाऊस रेसकोर्स रोडला आहे. नटूभाई सर्कलपर्यंत चालून आले, पण रेसकोर्स काही दिसलं नाही. रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, बेन, आता नावच राहिलंय. खरंच होतं का इथे काही?

नानाकाका: होतं म्हणजे काय! नाव उगाच पडतं का? गायकवाडांच्या वेळचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. तू आज जिथे फिरलीस तो सगळा भाग तेव्हा गावाबाहेर होता. पूर्वीच्या विद्युत बोर्डाच्या, म्हणजे आताच्या गुजरात ऊर्जा विकास निगमच्या मुख्य कचेरीच्या पत्त्यातसुद्धा अजून ‘रेसकोर्स’ लिहितात बघ.

दादा: मी बारा वर्षं बडोद्यात काढली. मला वाटायचं बिल्डरने ठेवलेलं नाव आहे.

नानाकाका: हेच तर वाईट वाटतं. घरातल्या पोरांना माहीत नाही, मग बाहेरच्यांना कोण सांगणार. आत्या सांगेल, तिची शाळा तिकडेच होती.

आत्या: सांगते. चष्मा शोधत होते.

आत्या: मी सहावी-सातवीत असेन, म्हणजे साठ सालच्या पुढची गोष्ट. घर दांडिया बाजारात आणि शाळा अलकापुरीत, स्टेशनच्या पलीकडे. काळा घोडा चौकातून सायकल स्टेशनकडे घ्यायची आणि रुळांखालच्या गरनाळ्यातून पलीकडे निघायचं. पावसाळ्यात गरनाळं भरायचं. मग दप्तर डोक्यावर आणि सायकल ढकलत गुडघाभर पाण्यातून. ओल्या परकराने पहिला तास बसायचा.

मामी: गरनाळं अजून भरतं हो आत्या, त्यात काही फरक नाही.

आत्या: शाळा सुटली की सरळ घरी न येता आम्ही तिघी-चौघी रेसकोर्सकडे वळायचो. तेव्हा शर्यती बंद झालेल्या होत्या. नुसतं मैदान उरलं होतं, गवत माजलेलं, कडेला बाभळी. पण धावपट्टीची जमीन कळायची. बाकी सगळीकडे सायकल खडबडायची, त्या पट्ट्यावर आली की हात सोडून चालवता यायची. इतकी दाबून बसलेली माती. मी हात सोडून सायकल चालवायला तिथेच शिकले, आईला मरेपर्यंत सांगितलं नाही.

छोटी: आत्या!!! हे आम्हालाही कधी सांगितलं नाहीस.

आत्या: तुम्ही विचारलंत कधी?

नानाकाका: मोतद्दारांचं सांग, घोड्यांची निगा राखणाऱ्यांचं.

आत्या: हो. मैदानाच्या अलीकडे एका वस्तीत एक म्हातारे मोतद्दार राहायचे. उमर सगळी पागेत गेलेली. आता त्यांच्याकडे टांग्याचा एकच घोडा होता, पण त्याची निगा अशी की पाहत राहावं. रोज खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, भिजवलेले हरभरे, आणि आधी पाय तपासल्याशिवाय तोबरा लावायचा नाही. मला घोड्याचा पाय उचलायला त्यांनी शिकवलं. घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून त्याच्या खांद्याशी उभं राहायचं. हात खांद्यावर ठेवायचा आणि न उचलता हळूहळू पायावरून खाली न्यायचा, म्हणजे त्याला कळतं आपण कुठे आहोत. गुडघ्याच्या खाली मागची शीर चिमटीत हलकेच दाबली की तो आपणहून पाय देतो. ओढायचा नाही. मग आकड्याने नालेच्या आतला चिखल टाचेकडून पुढे काढायचा, मधला मऊ त्रिकोण सांभाळून. तिथे खडा रुतला तर घोडा लंगडतो. मी पहिल्यांदा तो पाय मांडीवर घेतला तेव्हा घोड्याने अंगाचा भार माझ्यावर टाकला. मी कोलमडले नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

ताई: आत्या, हे वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं तुझ्या शाळेबद्दल फक्त गणिताच्या बाईंच्या गोष्टी ऐकल्या.

दादा: एक विचारू? राग मानू नका. राजांचे घोडे, राजांच्या शर्यती. रयतेचा पैसा घोड्यांवर उडवायचा, त्याचं कौतुक कशाला करायचं?

नानाकाका: प्रश्न बरोबर आहे तुझा, राग कशाला मानू. आधी काय घडलं ते ऐक, मग ठरव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, त्यांना घोड्यांचा फार नाद. १९४३ साली मुंबईला महालक्ष्मीवर पहिली इंडियन डर्बी झाली, ती जिंकली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने. घोडी बडोद्याच्या महाराजांची. पुढे त्यांनी इंग्लंडात १९४५ साली एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनीला (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) घेतलं. तेव्हा इतक्या किमतीला शिंगरू कुणी घेतलं नव्हतं. त्याचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’, आजोबांच्या नावावरून.

छोटी: घोड्याचं नाव सयाजीराव??

नानाकाका: हो. आणि त्या सयाजीरावने १९४७ साली आयरिश डर्बी जिंकली आणि त्याच वर्षी इंग्लंडात डॉन्कास्टरची सेंट लेजर ही शर्यतही जिंकली. सेंट लेजर सप्टेंबरात होते, म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य मिळून महिनाही झाला नव्हता. दुसऱ्या वर्षी महाराजांच्याच ‘माय बाबू’ या घोड्याने इंग्लंडची टू थाउजंड गिनीज ही शर्यत मारली. आमचे वडील तेव्हा संस्थानात कारकून. कचेरीत ही बातमी आली तेव्हा निम्मे लोक खूश होते आणि निम्मे दादासारखेच बोलत होते. खजिन्यातून उचललेल्या पैशांवरून १९४८ मध्ये धारासभेत, म्हणजे संस्थानाच्या विधिमंडळात, महाराजांविरुद्ध वातावरण तापलं होतं. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५१ मध्ये त्यांची गादी गेली.

दादा: म्हणजे माझं बरोबर.

नानाकाका: पैशाच्या बाबतीत बरोबर. पण ज्या साली विलीनीकरण झालं त्याच साली बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभं राहिलं, तेही याच महाराजांच्या काळात. तू तिथूनच इंजिनियर झालास. एकाच माणसाच्या या दोन्ही गोष्टी आहेत, त्या दोन्ही आपल्या पोरांना माहीत असाव्यात एवढंच माझं म्हणणं. आणि मोतद्दारांनी तर कुणाचा पैसा उडवला नव्हता. राज्य गेलं, पागा मोडल्या. घोड्याशिवाय दुसरं काही न शिकलेल्या त्या माणसांनी टांगे हाकले. त्यांचं कुठे लिहून ठेवलंय?

दादा: हे मान्य. याचा मी विचार केला नव्हता.

मामी: आमच्या पुण्याचं रेसकोर्स अजून शाबूत आहे बाई. एम्प्रेस गार्डनला जाताना दिसतं. आमचे बाबा सांगायचे, डेक्कन क्वीन १९३० साली सुरू झाली तीच मुळात मुंबईच्या शर्यतवाल्यांना शनिवार-रविवारी पुण्याला आणायला.

ताई: हे खरं आहे, मीही वाचलंय.

आत्या: पुण्याचं राहिलं याचा आनंद आहे. आमचं गेलं. सोसायट्या उठल्या त्याबद्दल तक्रार नाही, लोकांना घरं हवीत. पण एक दगडाची पाटीसुद्धा नाही गं तिथे, की इथे काय होतं. रोज हजारो माणसं तो शब्द तोंडातून काढतात.

छोटी: आत्या, मी रविवारपर्यंत इथेच आहे. तू ये ना. रिक्षाने फिरू, तुला आठवेल तसं दाखव, मी फोनच्या नकाशावर खुणा करत जाईन. आणि तू बोलशील ते रेकॉर्ड करते. चालेल?

आत्या: चालेल. सकाळी लवकर, उन्हाच्या आत. नाना, तूही चल. वडिलांच्या पेटीत संस्थानाच्या वेळचे कागद आहेत ते घेऊन ये, त्यात मैदानाचं काही निघतं का बघू.

नानाकाका: पेटी मामीकडे आहे. मामी, माळ्यावरून काढून ठेवाल का? वाळवी लागली नसेल ना?

मामी: दिवाळीत बघितली होती, कागद चांगले आहेत. डांबरगोळ्या टाकल्यात. उद्या काढते.

दादा: मोतद्दारांच्या घरचं कोणी असेल का अजून तिथे? त्यांच्याशीही बोलता आलं तर.

आत्या: त्यांचा नातू आहे. फतेगंजात गॅरेज आहे त्याचं. नाव ग्रुपवर टाकत नाही, आधी त्याला विचारते की रेकॉर्डिंग चालेल का. हो म्हणाला तर त्याच्याकडे आधी जाऊ, मग मैदानाकडे.