बांबूचं पेन वाटलं की परिषद हिरवी होते काय?

साचा_आणि_वाळू
परवा ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती, आपल्या कोल्हापुरात झालेल्या उद्योजक परिषदेच्या आयोजकांपैकी कुणाची तरी. "आमची परिषद शंभर टक्के पर्यावरणपूरक." का, तर कापडी पिशवी, बांबूचं पेन, बिया घातलेल्या कागदाचा बॅज. मी होतो तिथं, म्हणून लिहितोय. तो बियांचा बॅज प्लास्टिकच्या खिशात घालून गळ्यात अडकवलेला, आता उगवायचं कुठनं त्यानं? हॉलचा एसी असा की शेजारचे फौंड्रीवाले काका, जन्म भट्टीपुढं गेलेला माणूस, कानाला रुमाल बांधून बसलेले. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतनं एकाच गल्लीतले चौघे चार गाड्यांतनं आलेले आणि ड्रायव्हर मंडळी पार्किंगात एसी लावून झोपलेली. अकरा जणांचे सत्कार, शाल, फेटा, अ‍ॅक्रिलिकचं स्मृतिचिन्ह, चकचकीत प्लास्टिकातला बुके (त्यात माझे सासरे, त्यामुळं तिथं गप्प बसलो). एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज जाते हे आम्हा फौंड्रीवाल्यांना बिल बघून पाठ झालंय. मग परिषदेचं कोण मोजणार? लाइट गेली तेव्हा जनरेटर तासभर चालला. लिटरभर डिझेल जाळलं की तीन-साडेतीन युनिट वीज आणि अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. पेनाचं कौतुक नंतर करा, आधी गाड्या मोजा.

मांडव_ते_आभार
आयोजनात होतो. तीन महिने धंदा सोडून राबलो आणि तुम्ही रुमाल मोजताय. थर्माकोलचं एक ताट नव्हतं, ते तरी लिहा की.

साचा_आणि_वाळू
थर्माकोलच्या ताटांना १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे साहेब. कायदा पाळला म्हणून तुमचाही सत्कार करू काय, बारावा?

मांडव_ते_आभार
करा, सवय आहे. गाड्या मोजा म्हणताय, पुण्याचा माणूस येणार कशानं? वंदे भारत आठवड्यातनं तीन दिवस आणि तीही पुण्यातनं दुपारी सुटते, म्हणजे आदल्या दिवशी येऊन हॉटेलात राहा. महालक्ष्मी मुंबईकरांना सकाळी सोडते, तेवढं बरंय. आणि सत्काराचं मला शिकवू नका. मागच्या खेपेला एका साहेबांचं नाव राहिलं, वर्ष झालं माझा फोन उचलत नाहीत.

बिंदूचौक_कट्टा
सगळं सोडा, प्रत्येक खुर्चीवर ती २०० मिलीची बाटली कशाला? थेट पाइपलाइनसाठी या गावानं किती वर्षं बोंब मारली, नोव्हेंबर २०२३ ला काळम्मावाडी धरणाचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आलं तवा लोकं नाचली, आणि परिषदेत पाणी बाटलीतलं! तांब्या-भांडं ठिवा की.

तिसरा_मजला
थेट पाइपलाइन म्हणं! भावा, आमच्या गल्लीत या. परवा तीन दिवस नळाला फुस्स आवाज येत होता नुसता. हॉलला साडेतीनशे माणूस आणि नळ कोरडा पडला तर तांब्यात काय ओतायचं, भाषण?

बिंदूचौक_कट्टा
तुमच्या टाकीचा फ्लोट बघा आधी. उठसूट पाइपलाइनला नावं.

तिसरा_मजला
फ्लोट तुमच्या डोक्याचा बघा. २०१९ ला कुठं होता? पुरात उपसा केंद्रं बुडाली, चारी बाजूला पंचगंगा आणि प्यायला थेंब नाही. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, टँकर यायचा कुठनं? म्हातारीला चौथ्या मजल्यावर घागर घेऊन मीच चढत होतो. तवा बाटल्याच आल्या मदतीला.

बिंदूचौक_कट्टा
पूर आला की द्या की बाटल्या, कोण नको म्हणतंय? परिषदेला पूर आला होता काय?

कागलकडची
पाण्यावरनं भांडताय तर थोडं ऐका. माझी आई असल्या हॉलमध्ये सफाईला जाते. कार्यक्रम उठला की बाटल्या गोळा करायचं तिच्याकडं. निम्म्या बाटल्यांत निम्मं पाणी, दोन घोट घेऊन ठेवलेल्या. पाणी भरलेली बाटली भंगारवाला घेत नाही, वजनात पाणी येतं ना. म्हणून ती एकेक झाकण फिरवून बादलीत ओतत बसते. शेकड्यानं. घरी आली की बोटं अशी पांढरी पडलेली असतात, धुणं धुतल्यासारखी, आणि झाकणाच्या दात्यांनी अंगठा सोललेला. त्या परिषदेतनं कापडी पिशव्या पण बारा आणल्या तिनं, खुर्चीखाली टाकून गेलेली माणसं. आम्ही बाजाराला वापरतोय, तेवढी परिषद हिरवी झाली म्हणा. आणि स्टीलची ताटं आणा म्हणणाऱ्यांनी घासायला माणसं वाढवून द्यायची, नाहीतर तेही तिच्याच अंगावर.

बिंदूचौक_कट्टा
हे नव्हतं माहीत.

तिसरा_मजला
आईंना नमस्कार सांगा. तरी जार ठेवा म्हणतो मी, वीस लिटरचे. नळावर माझा भरवसा नाही.

मांडव_ते_आभार
साचावाले, एक विचारू? तुमच्या फौंड्रीची, साच्यातली जळकी वाळू जाते कुठं? इथं बाटल्यांवर प्रवचन आणि तिकडं ओढ्याकाठी काळे ढीग.

साचा_आणि_वाळू
आता मुद्दा माझ्यावर आणा. सांगतो. पूर्वी टाकायचो आम्हीही, रात्री ट्रॉली जायची, वडिलांच्या काळात आणि माझ्याही सुरुवातीच्या. आता निम्म्याच्या वर परत वापरतो, ते पण नवीन वाळू महागली म्हणून, पुण्य म्हणून नाही. पण मी "शंभर टक्के" लिहून बोर्ड लावला नाही एवढंच.

मांडव_ते_आभार
बरं, "शंभर टक्के" काढतो पोस्टमधनं, झालं समाधान? पुढच्या खेपेला जार आणि स्टीलचे पेले, घासायला दोन माणसं जादा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीमधनं एकेक बस, एसी चोवीसवर. बसमध्ये कोण बसतंय ते बघतोच मी, तुम्ही पहिल्या सीटवर पाहिजे. सत्कार तीनच. मात्र उरलेल्या आठ जणांना "तुमचा सत्कार रद्द" हे फोन करून तुम्ही सांगायचं. नंबर पाठवू?

साचा_आणि_वाळू
पाठवा. सातच पाठवा, सासऱ्यांना तुम्ही सांगा.