धोका, जोखीम आणि खाणगाळाची साठवण

खाणगाळ म्हणजे खाणीतला दगड दळून धातू काढल्यावर उरणारी ओली भुकटी; ती बंधारा घालून अडवलेल्या तळ्यात साठवतात. या साठवणुकीविषयीच्या मराठी मजकुरात 'रिस्क'साठी सर्रास 'धोका' लिहिले जाते आणि त्यातूनच 'सांख्यिकीय धोका विश्लेषण' अशी शब्दरचना पुढे आली आहे. माझ्या मते येथे 'जोखीम' हाच शब्द योग्य आहे. धोका म्हणजे अनिष्ट घडवू शकणारी परिस्थिती; बंधाऱ्याच्या पायाखालचा मऊ चिकणमातीचा थर किंवा त्याला थेट टेकलेले पाणी हा धोका होय. जोखमीत मात्र ते अनिष्ट घडण्याची संभाव्यता आणि घडल्यास होणारी हानी या दोन्हींचा एकत्रित हिशोब असतो. 'जोखमीचा ऐवज' असे आपण म्हणतो तेव्हा काय गमवावे लागेल याचे भान त्या शब्दातच असते, 'धोका' या शब्दात ते नसते. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी ८६ मीटर उंचीचा बंधारा फुटून २७० माणसे दगावली, कारण खाणीची कार्यालये आणि उपाहारगृह त्याच्याच खालच्या अंगाला होते. तोच बंधारा निर्जन दरीत असता तर धोका तेवढाच राहिला असता, पण जोखीम पुष्कळ कमी झाली असती.

आता 'टेलिंग्ज' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत काय म्हणावे त्याविषयी. तांब्याच्या अनेक खाणींत शंभर किलो धातुक (धातू असलेला दगड) दळले तर किलोभरही तांबे निघत नाही. उरलेली पिठासारखी बारीक भुकटी पाण्याबरोबर तळ्यात सोडली जाते. तिला 'कचरा' म्हटले तर तिचे द्रवासारखे वागणे लपते, म्हणून मी 'खाणगाळ' सुचवतो. गोव्यातील खाणपट्ट्यात ज्यांना 'डंप' म्हणतात ते मातीदगडांचे ढिगारे ही वेगळी गोष्ट असून दोहोंना एकच शब्द वापरू नये.

सर्वांत जास्त गोंधळ 'साठवण क्षमता वाढवणे' या प्रयोगात आहे, कारण तो वाचताच बंधाऱ्याची उंची वाढवणे एवढेच डोळ्यांपुढे येते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील माउंट पॉली खाणीत बंधारा टप्प्याटप्प्याने उंच होत गेला, त्याचा बाह्य उतार तीव्र होता, आणि पायाखाली हिमनदीकाळातील तळ्यात साचलेला चिकणमातीचा कमकुवत थर वेळीच ओळखला गेला नव्हता. ४ ऑगस्ट २०१४ रोजी तो फुटला आणि सुमारे २.५ कोटी घनमीटर पाणी व गाळ खालच्या ओढ्यातून केनेल सरोवरापर्यंत गेला. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५च्या अहवालात सांगितले की, प्रांतातील बंधाऱ्यांची संख्या आणि कामगिरी पूर्वीसारखीच राहिली तर दर दहा वर्षांत सरासरी दोन बंधारे फुटतील. तळ्यांवरील पाणी हटवावे आणि शक्य तेथे गाळ गाळून, पाणी काढून रचावा, अशी तिची शिफारस होती. पाणी निघालेला गाळ कमी जागा व्यापतो, त्यामुळे बंधारा न वाढवताही क्षमता वाढते आणि जोखीम घटते.

सुरुवातीला दिलेल्या शब्दरचनेतले 'सांख्यिकीय' हे विशेषण मात्र शोभेसाठी नाही. पारंपरिक पद्धतीत सुरक्षा गुणांक (बंधारा टिकवणारी ताकद भागिले त्याला ढासळवणारा जोर; तो १च्या खाली गेला की बंधारा ढासळतो) १.५ आला की बंधारा सुरक्षित मानतात. पण मातीची ताकद जागोजागी बदलत असल्याने तो गुणांकही प्रत्यक्षात एकच आकडा नसतो. समजा, एका बंधाऱ्याचा सरासरी गुणांक १.५ असून प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) ०.४ आहे, आणि दुसऱ्याचा १.३ असून विचलन ०.१ आहे. प्रसामान्य वितरण (सरासरीभोवती दोन्ही बाजूंना सारखे पसरणारे, घंटेच्या आकाराचे) धरले तर गुणांक १च्या खाली जाण्याची संभाव्यता पहिल्यात सुमारे १०.६ टक्के, तर दुसऱ्यात सुमारे ०.१३ टक्के निघते. कागदावर भक्कम दिसणारा पहिला बंधाराच अधिक जोखमीचा ठरतो. अशा वेळी आणखी भराव टाकण्याआधी जमिनीत आणखी छिद्रे घेऊन माती तपासणे आणि पायझोमीटर बसवून भरावातील पाण्याचा दाब मोजणे हे क्षमतेच्या दृष्टीनेही शहाणपणाचे असते.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा रूढ प्रयोगही मी टाळतो, कारण तो पूर एकदा येऊन गेला की शतकभर निश्चिंती, असा त्याचा अर्थ घेतला जातो. 'दरवर्षी एक टक्का संभाव्यतेचा पूर' असे लिहावे. तीस वर्षे चालणाऱ्या खाणीत तो किमान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के होते, आणि बंधाऱ्याच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत किती मोकळी उंची राखायची हे ठरवताना अशी संभाव्यता विचारात घ्यावी लागते.