रविवारी सहा दिवस, सोमवारी उत्क्रांती

मोसंबी_जालना

जय ख्रिस्त. मी जालना तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि रविवारी मंडळीत संडे स्कूल घेते. पंधरा वर्षं दोन्ही बिनबोभाट चाललं, कारण इकडची लेकरं वेगळी, तिकडची वेगळी. यंदा एक पोरगा दोन्हीकडे आला आणि माझी पंचाईत झाली.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तो शाळेत चालू असतानाच इकडे बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आला. देवानं जग घडवलं ते सहा दिवस मी फळ्यावर लिहिले. पोरगा म्हणाला, “टीचर, झाडं तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या. मग प्रकाशसंश्लेषण कसं झालं?” बाकीची हसली. मी म्हणाले, देवाला काही अशक्य नाही. तर म्हणतो, “मग परीक्षेत असंच लिहू का?”

मी खडूचे हात झटकले आणि गाणं घेतलं. दुसरं काय करणार!

पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, शाळेतलं शाळेत ठेवा. पुढच्याच रविवारी संदेशात त्यांनी माकडाचा विषय काढला, मंडळी खुदुखुदु हसली आणि मी खाली मान घालून बसले. माणूस आजच्या माकडापासून झाला असं विज्ञान म्हणतच नाही, दोघांचे पूर्वज एक एवढंच म्हणतं. पण भर उपासनेत उठून कोण बोलणार?

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. इंजेक्शन देण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे. सुई मात्र आधी वीस मिनिटं उकळून घ्यायचे. त्यांना कधी अडचण आली नाही, मलाच का येते?

तुम्ही घरी लेकरांना काय सांगता? “श्रद्धा आपल्या जागी, विज्ञान आपल्या जागी” हे सोडून सांगा. ते मीच पंधरा वर्षं वापरलंय.

बेथेलचा_नातू

ताई, 2 पेत्र 3:8 काढा. प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. म्हणजे सहा दिवसांची सहा हजार वर्षं. मिटलं.

विहीरवाला_अंबड

नाही मिटलं भाऊ, हिशोब फार कमी पडतोय.

मी वारकरी घरातला, तुमच्या ग्रंथावर बोलायचा मला अधिकार नाही. पण विहिरी आणि बोअरच्या जागा बघत माझं आयुष्य गेलं. आपल्याकडे खोदायला लागलं की आधी काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्याखाली कधी कधी विटेसारखा तांबडा थर लागतो, हातभर जाड. तांबड्याखाली पुन्हा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. एक लोट आला, थंड झाला. ऊनपावसानं त्याचा वरचा भाग कुजून माती झाली. मग दुसरा लोट आला आणि त्यानं ती माती भाजून काढली. तोच हा तांबडा थर. खडकाची माती व्हायला किती काळ लागतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. माझ्या चुलत्याच्या विहिरीत साठ फुटांत असे दोन थर आहेत.

ताई, पोराला फळ्यापेक्षा विहीर दाखवा.

माजी_सेमिनारियन

सूर्याआधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न संत ऑगस्टीनलाही पडला होता, सोळाशे वर्षांपूर्वी. तेव्हा ना डार्विन होता ना दहावीचं पुस्तक. त्यानं ख्रिस्ती लोकांना बजावलंय की आकाश-पृथ्वीविषयी अडाणीपणानं बोलून पवित्र शास्त्राचं हसं करू नका. पोराला सांगा, तुझी शंका जुनी आणि खानदानी आहे.

उलट्या बाजूनंही जपा. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यानं 1927 साली गणितानं मांडलं, महास्फोटाची मूळ कल्पनाही त्याचीच. 1951 मध्ये पोप पायस बारावे हा सिद्धांत निर्मितीचा दाखला म्हणून सांगू लागले, ते लमेत्रला रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, त्याला देव बांधून ठेवला तर सिद्धांताबरोबर तोही हलणार.

औसेकर_काका

माकडाचं सोडा, मला दुसरंच सांगायचंय.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. मी तेव्हा अठरा वर्षांचा. माझी चुलती माळवदाखाली गेली. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहायचं. त्याच मातीत तिची वेणी आधी दिसली.

पंधरा दिवसांनी एक प्रचारक आले. तंबूत उभं राहून म्हणाले, हा पापाचा कोप आहे. चुलती सकाळ-संध्याकाळ गुडघ्यावर असायची! मी उठून बाहेर गेलो, तो सात वर्षं चर्चला परतलो नाही.

पुढे कॉलेजात कळलं, भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटला जातोय, त्याचा ताण आपल्या खडकातही साठतो. आणि मग एक दिवस लूकचा तेरावा अध्याय हाती लागला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? येशू म्हणतो, नाही. पुढे पश्चात्तापाचं सांगतो, ते मी गाळत नाही. पण आधी “नाही” म्हणतो. त्या प्रचारकाला विज्ञान येत नव्हतं याचं मला काही नाही, त्यानं पवित्र शास्त्रही धड वाचलेलं नव्हतं.

भूशास्त्रानं मला माझा देव परत दिला, एवढं मी सांगू शकतो. तुमच्या पोराच्या प्रकाशसंश्लेषणाचं उत्तर माझ्याकडे नाही.

मोसंबी_जालना

काका, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

काल उपासनेनंतर नऊ लेकरांना घेऊन चर्चच्या मागच्या शेतातल्या विहिरीवर गेले. मालकाला आधी विचारलं होतं. पाणी खाली गेलेलं, त्यामुळे भिंत उघडी. तांबडा थर दिसला, अगदी विहीरवाल्या दादांनी लिहिलाय तसा. पोरगा कठड्यावर पालथा पडून बघत होता, मी त्याचा सदरा धरून. मी सांगितलं, उत्पत्ती हे कोणी केलं ते सांगायला बसलंय, विहीर किती काळ लागला ते सांगते. आणि तिसरा-चौथा दिवस मला अजून सुटलेला नाही, ऑगस्टीनलाही जड गेला होता. तो म्हणाला, “म्हणजे परीक्षेत विहिरीचं लिहू.” लिही म्हटलं.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. आता बोलणी बसणार म्हणून मी पदर सावरला. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, कठड्यावर हात टेकून वाकून बराच वेळ आत पाहिलं आणि मालकाला विचारलं, “पाणी किती फुटांवर लागलं होतं?”