नाशिक जिल्ह्याचा बेरोजगारी दर कोणत्या आकड्यावरून ठरवावा?

प्राध्यापिका, नाशिकरोड

मी पदवी वर्गाला अर्थशास्त्र शिकवते. यंदा विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी ‘नाशिक जिल्ह्यातील बेरोजगारी’ हा विषय दिला आहे. एका गटाने शासनाच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राकडील नोंदणीचा आकडा आणला, तर दुसऱ्याने श्रमशक्ती सर्वेक्षणातील महाराष्ट्राचा दर घेऊन तोच जिल्ह्याला लावला. सातपूर-अंबडचे कारखाने, मालेगावचे यंत्रमाग, निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि पेठ-सुरगाण्याचा आदिवासी पट्टा यांना एकच दर लावणे मला पटत नाही. शिवाय २०२३-२४ च्या सर्वेक्षणात केरळचा दर ७ टक्क्यांच्या वर आणि मध्य प्रदेशाचा १ टक्क्याच्या आसपास दिसतो, तो विद्यार्थ्यांना कसा समजावून सांगावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांख्यिकी खात्यातील निवृत्त कर्मचारी, पंचवटी

मॅडम, नोंदणीचा आकडा प्रथम बाजूला ठेवावा. नाव नोंदवणे ऐच्छिक असते. नोकरी असलेलेही चांगल्या संधीसाठी नाव ठेवतात आणि खेड्यातील शेतमजूर सहसा तिकडे फिरकतही नाही. त्यावरून दर काढता येत नाही.

दर मिळतो तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून. ते २०१७ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी साधारण पाच वर्षांनी मोठी पाहणी होत असे. श्रमशक्तीत, म्हणजे काम करणारे आणि काम नसून कामासाठी तयार असणारे अशा सर्वांत, दुसऱ्या गटाचे प्रमाण किती, तो बेरोजगारी दर. मात्र ‘काम करणारा’ कोणाला म्हणायचे याचे दोन मापदंड आहेत आणि बहुतेक गोंधळ तेथेच होतो.

‘नेहमीच्या स्थिती’त मागील ३६५ दिवस पाहतात. ज्याचा वर्षातील बहुतांश काळ कामाच्या शोधात गेला, पण ज्याने दुय्यम काम म्हणून ३० दिवस किंवा अधिक काम केले, तो अंतिम गणनेत रोजगारप्राप्तच धरला जातो. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केले तरी पुरते. घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला राबणारी व्यक्तीही दोन्हीकडे कामगारच ठरते. २०२३-२४ चा देशाचा ३.२ टक्के दर पहिल्या मापदंडाचा आहे, तर २०२५ पासून दरमहा प्रसिद्ध होणारा आकडा दुसऱ्या मापदंडाचा असून एप्रिल २०२५ साठी तो ५.१ टक्के होता. दोन्ही शेजारी मांडून ‘बेरोजगारी वाढली’ असे लिहिणे सर्वस्वी चूक आहे, आणि वर्तमानपत्रांतून ती चूक वारंवार होते याचे मला वाईट वाटते.

केरळचे उत्तर यातच आहे. शिकलेला तरुण घरच्या आधारावर मनाजोगत्या नोकरीची वाट पाहू शकतो, म्हणून तो बेरोजगार म्हणून नोंदला जातो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याला मिळेल ते काम करावेच लागते. कमी दर म्हणजे सुबत्ता नव्हे.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

वरील मुद्द्याला आमच्या भागातील वस्तुस्थिती जोडतो. पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे पावसाळ्यात घरी भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी करतात, ऑक्टोबर छाटणीपासून आमच्याकडे येतात, थिनिंग (घडांची विरळणी), डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) आणि काढणीपर्यंत राहतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर मात्र पाऊस पडेपर्यंत त्यांच्या हाताला फारसे काम नसते. वर्षाच्या मापाने ही सर्व माणसे रोजगारात आहेत. साप्ताहिक मापाने पाहिले तर पाहणी फेब्रुवारीत झाली की मे महिन्यात, यावर उत्तर बदलेल. माझ्या मते या भागाचा खरा प्रश्न वर्षातून किती दिवस काम मिळाले आणि त्याची मजुरी किती, हा आहे. दर कितीही अचूक काढला तरी त्यात तो दिसणार नाही.

संशोधक विद्यार्थी, कॉलेजरोड

जिल्ह्याच्या आकड्याबाबत एक भर घालतो. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसच्या नमुना निवडीत, म्हणजे पाहणीसाठी घरे निवडताना, बहुतेक ठिकाणी जिल्हा हा मूळ घटक धरला आहे, ही चांगली गोष्ट आहे. तरीही नमुना लहान असतो. समजा, एखाद्या जिल्ह्यातून श्रमशक्तीतील ६०० व्यक्ती निवडल्या आणि दर ५ टक्के आला, म्हणजे बेरोजगार केवळ ३० निघाले. अशा वेळी खरा दर साधारण ३.३ ते ६.७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो; एकाच वस्तीतील घरे एकत्र निवडल्यामुळे ही मर्यादा आणखी रुंदावते. तालुक्याचा दर तर अशा नमुन्यातून काढूच नये. अमेरिकेत काउंटीचे दर केवळ घरोघरच्या पाहणीवर ठरत नाहीत, त्यांना बेरोजगारी विम्याच्या दाव्यांची जोड दिली जाते. आपल्याकडे तसा विमा सर्वांना नाही. असंघटित मजूर तर त्याच्या पूर्णपणे बाहेर आहे.

प्राध्यापिका, नाशिकरोड

सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थ्यांनी जिल्ह्याचा दर काढण्याचा आग्रह सोडून दोन-तीन गावांत स्वतः पाहणी करावी, असे आता वाटते. प्रश्नावलीत काय असावे?

सांख्यिकी खात्यातील निवृत्त कर्मचारी, पंचवटी

मागील सात दिवसांतील प्रत्येक दिवशी कोणते काम केले, किती तास केले आणि मोबदला मिळाला का, हे स्वतंत्रपणे विचारावे. ‘तुम्ही बेरोजगार आहात का’ असे कधीच विचारू नये. अधिक काम मिळाल्यास कराल का, हा प्रश्न अवश्य ठेवावा, कारण अर्धरोजगार, म्हणजे हवे तितके काम न मिळणे, त्यातूनच कळतो. घरातील स्त्रियांची उत्तरे पुरुषांकडून घेऊ नयेत. आणि दिंडोरीच्या बंधूंनी सांगितल्याप्रमाणे एक फेरी काढणीच्या दिवसांत व दुसरी मे महिन्यात त्याच घरांमध्ये करावी.