विषय: फिट्सचं नवीन औषध, शाळा आणि डिसेंबरातली भारतवारी

नमस्कार मंडळी,

नाव न देता लिहितेय, मंडळाच्या कार्यकारिणीला माझं नाव माहीत आहे. आम्ही सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला आलो. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. तिला लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम, म्हणजे औषधांना सहज न जुमानणारा फिट्सचा आजार आहे. दिवसातून पाच-सात वेळा उभ्या उभ्या कोसळते, म्हणून शाळेत स्टिकर लावलेलं हेल्मेट घालून बसते. तीन औषधं करून झाली. आता न्यूरॉलॉजिस्ट कॅनाबिडिऑल (सीबीडी) सुरू करू या म्हणतायत, ते गांजाच्याच झाडापासून काढतात. पुण्याला फोनवर सासूबाईंना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे गांजाच की गं." मला काही बोलताच आलं नाही.

कोणाच्या घरी मूल हे औषध घेतं का? शाळेत सांगायचं का, नर्स देते का? आणि डिसेंबरात पुण्याला जायचंय, तेव्हा सोबत नेता येईल का?

– तिसरीतल्या मुलीची आई

*

ताई,

मीही नाव देत नाही, कारण मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि त्याच्या आजाराबद्दल कुठे काय लिहायचं हे तो ठरवतो. हे पत्र त्याला वाचून दाखवूनच पाठवतेय. त्याला ड्रॅव्हे सिंड्रोम आहे, तोही फिट्सचाच अवघड आजार.

सगळ्यात आधी डॉक्टरांना एवढंच विचारा: बाटली कोणती? फार्मसीतून येणारी की डिस्पेन्सरीतून, म्हणजे गांजाचा माल विकणाऱ्या परवानाधारक दुकानातून आणायची? शाळा, विमा, विमान, सासूबाई, सगळ्यांची उत्तरं त्यावर ठरतात. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही आणि त्यात दोन वर्षं गेली.

फार्मसीची बाटली म्हणजे एपिडिओलेक्स. त्याला एफडीएने (अमेरिकेत औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) जून २०१८ मध्ये मान्यता दिली, ती तुमच्या मुलीच्या आणि माझ्या मुलाच्या आजारासाठीच. त्यात शुद्ध केलेलं सीबीडी असतं. नशा आणतं ते गांजातलं दुसरं द्रव्य, टीएचसी, आणि हे औषध त्या नशेसाठी नाही. सासूबाईंना मी असं सांगेन: खसखशीच्या झाडापासूनच अफू निघते, म्हणून आपण अनारशावर खसखस लावायची सोडली का? माझ्या आईला हे लगेच पटलं. ती स्वतः दर दिवाळीला अनारसे करते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ड्रॅव्हेच्या १२० रुग्णांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सीबीडी घेणाऱ्यांच्या मोठ्या फिट्स महिन्याला साधारण १२.४ वरून ५.९ वर आल्या. खोटं औषध घेणाऱ्यांच्या १४.९ वरून १४.१ वर. फिट्स पूर्ण थांबल्या अशी मुलं शंभरात पाचच. माझा मुलगा त्या पाचांत नाही. पण महिन्याला सहा-सात फिट्स कमी झाल्या की घरात काय बदलतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो पहिल्यांदा शाळेच्या सहलीला गेला त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत बसच्या थांब्याशी उभी होते.

डिस्पेन्सरीची गोष्ट वेगळी. मुलगा पहिलीत होता तेव्हा एपिडिओलेक्स बाजारात नव्हतं. आम्ही न्यू जर्सीच्या वैद्यकीय गांजाच्या प्रोग्रामात त्याचं कार्ड काढलं, माझं केअरगिव्हरचं कार्ड काढलं, आणि डिस्पेन्सरीच्या मालापासून केलेलं तेल त्याला देत होतो. दुपारचा डोस शाळेच्या वेळेत पडायचा. नर्स म्हणाली, मी हात लावू शकत नाही. ऑफिसातून पंचवीस मिनिटं गाडी चालवत यायचे आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्याला डोस द्यायचे, कारण शाळेने सांगितलं होतं की आवाराबाहेर द्या. बर्फात, पावसात, त्याच्या डब्याच्या सुट्टीतली दहा मिनिटं त्यात जायची. एक दिवस तो म्हणाला, "आई, मी काही वाईट करतो का? मग आपण गाडीत का लपतो?"

त्या रात्री मी कायदा वाचायला बसले. न्यू जर्सीत नोव्हेंबर २०१५ पासून कायदा आहे की या प्रोग्रामात नोंद असलेल्या मुलाला पालक किंवा नोंदणीकृत केअरगिव्हर शाळेच्या आवारात, बसमध्ये, शाळेच्या कार्यक्रमात हे औषध देऊ शकतात, आणि त्यासाठी प्रत्येक स्कूल बोर्डाने धोरण करायचं आहे. मेपल शेडच्या एका कुटुंबाने कोर्टात लढा दिला होता, त्यातून तो कायदा आला. आम्ही तो छापून नेला. पुढच्या आठवड्यापासून नर्सच्या खोलीत खुर्ची मिळाली. गाडीत घालवलेले सात महिने कोणी परत देणार नाही, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय. तुम्ही तो कागद पहिल्या भेटीलाच घेऊन जा.

अर्थात तुमच्याकडे फार्मसीची बाटली आली तर हा प्रश्न बहुधा उरणार नाही. ते औषध दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, घरीच देता येतं.

"नैसर्गिक आहे" म्हणून कोणी ऑनलाइन सीबीडीचं तेल सुचवलं तर कृपा करून घेऊ नका. २०१७ मध्ये अशा ८४ उत्पादनांची तपासणी झाली. लेबलावर लिहिलंय तेवढं सीबीडी फक्त २६ मध्ये निघालं, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं. आपली मुलं मिलिग्रॅमवर जगतात.

भारताबद्दल. डिस्पेन्सरीचं तेल कुठल्याही परिस्थितीत नेऊ नका. १९८५चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा गांजा आणि चरस दोन्हीला लागू आहे, आणि चरसच्या व्याख्येत हशीश तेलही येतं. भांगेची पानं त्यातून वगळली आहेत, म्हणून होळीला थंडाई चालते, पण त्यावरून तेलही चालेल असं समजू नका. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नेणंही फेडरल कायद्याने गुन्हा आहे. फार्मसीची बाटली असेल तर तिकीट काढण्याआधी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या, आणि डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, मूळ खोकं सोबत ठेवा. लेखी उत्तर आलं नाही तर आम्ही जात नाही. मागच्या वर्षी भाचीचं लग्न चुकलं. वाईट वाटलं, पण औषध अचानक बंद करून मुलाला नेण्याचा विचारही केला नाही.

– चौदा वर्षांच्या मुलाची आई

*

नमस्कार,

मी निवृत्त फार्मसिस्ट. ताईंनी बरंच लिहिलं आहे, मी राहिलेलं सांगतो.

औषध तिळाच्या तेलात असतं. मुलीला तिळाची अ‍ॅलर्जी असेल, संक्रांतीला तिळगुळाने कधी पित्त उठलं असेल, तर आधीच सांगा. ती क्लोबाझाम (फिट्सचंच औषध) घेत असेल तर झोप फार वाढते. व्हॅलप्रोएट (हेही फिट्सचंच) घेत असेल तर यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. रक्ततपासणी सुरू करण्याआधी, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. ती टाळू नका.

डोस वजनावर असतो. मूल २४ किलोचं असेल तर सुरुवात ०.६ मिलि दोनदा, आठवड्याने १.२ मिलि दोनदा. हे नमुन्यादाखल. तुमच्या मुलीचं डॉक्टर ठरवतील, कारण पुढे वाढवायचं की थांबायचं ते तिच्याकडे बघून ठरतं. सिरिंजनेच मोजा, घरातल्या चमच्याने नाही.

आणि हे फार महत्त्वाचं: स्निग्ध जेवणाबरोबर हे औषध रक्तात कित्येक पट जास्त उतरतं. आज तुपातला पराठा आणि उद्या रिकाम्या पोटी, असं करू नका. रोज एकाच प्रकारच्या खाण्याबरोबर द्या. बाटली उघडल्यावर १२ आठवड्यांनी टाकून द्यायची, झाकणावर तारीख लिहून ठेवा. घरात लहान भावंडं असतील तर कुलुपात ठेवा. डिस्पेन्सरीच्या गमीज्, म्हणजे गांजाचा अर्क घातलेल्या गोळ्या, तर चॉकलेटाच्या बरणीपासून लांबच, पाहुण्यांची मुलं सरळ तोंडात टाकतात.

– आजोबा, पिस्कॅटवे

*

ताई, मी शाळेत नर्स आहे, तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये नाही. शाळेला नक्की सांगा, डोस घरी देत असलात तरी. पहिले काही आठवडे मुलगी बाकावर डोकं टेकून झोपेल, डबा अर्धा परत येईल, जुलाब होतील. बाईंना माहीत नसेल तर त्यांना वाटतं मूल आळशी आहे किंवा घरी जागतं. ५०४ प्लॅनमध्ये (आजारी मुलाला शाळेने द्यायच्या सोयींचा लेखी आराखडा) लिहून घ्या: नवीन औषध कधी सुरू केलं, झोप आली तर कुठे पडू द्यायचं, बाथरूमला विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं. फिट किती मिनिटं चालली की नाकातला स्प्रे द्यायचा, तो कुठे ठेवलाय, ९११ला (तातडीच्या मदतीचा नंबर) फोन कधी करायचा. नर्स रजेवर असेल तर कोण. हे शेवटचं बहुतेक पालक विचारत नाहीत.

आणि मुलांना एकच नाव द्या. वर्गात कोणी विचारलं तर "फिट्सचं औषध". ते खरंही आहे आणि आठ वर्षांच्या पोरीला म्हणता येतं.

*

सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

डॉक्टरांना विचारलं. बाटली फार्मसीची आहे. रक्त दिलं, सोमवारी औषध घरी येईल. ती क्लोबाझाम घेते, तो डोस ते आधी थोडा कमी करतायत. सकाळी पोळीचा तूपसाखरेचा रोल आणि रात्री वरणभात-तूप, असं ठरवलंय. सासूबाईंना खसखशीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वाजता द्यायचं असतं?" मग तिथल्या वेळेत तो आकडा कॅलेंडरवर लिहून घेतला.

नर्सची भेट मंगळवारी साडेआठला आहे. मुलाच्या आईसाहेब, तुम्ही लिहिलंत ते वाचून एक विचारते: त्या दिवशी तुम्हाला सोबत येता येईल का?

– तिसरीतल्या मुलीची आई

*

येते. सव्वाआठला शाळेच्या मुख्य दाराशी थांबते. हेल्मेटवरचं स्टिकर मुलाला दाखवायचंय, फोटो पाठवा.