मदत हवी आहे: ग्रीनलंडमधल्या घरांच्या आतले फोटो

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये पूर्व ग्रीनलंडमधल्या इत्तोकोर्तूर्मीत गावी दोन आठवडे राहायला चाललेय. १९२५ साली वसलेलं, जेमतेम ३५० वस्तीचं गाव. सामानाचं जहाज फक्त उन्हाळ्यात पोचतं. मला हिमनग, अस्वलं नकोत. चंद्रकोरी उलू सुरीनं सील सोलणारे हात, दाराशी काढलेले बूट, काफेमिकला, म्हणजे वाढदिवशी घर उघडं ठेवून कॉफी-केक देतात तेव्हा, दाटीवाटीनं बसलेली माणसं, हे हवंय.

अडचण अशी की बाहेर उणे २०, आत उबदार. घरात शिरताच लेन्सवर दव धरतं. कॅमेरा दाराबाहेरच झिपच्या पिशवीत बंद करून आत न्यायचा, हे माहीत आहे. पण तो उबेला येईपर्यंत बराच वेळ जातो आणि पहिलं स्वागतच निसटतं. दुसरी बॉडी, म्हणजे आणखी एक कॅमेरा, कायम घरातच ठेवावी का? खिडकीतून निळा उजेड, आत पिवळा दिवा असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग खरे दिसावेत म्हणून उजेडाप्रमाणे करायची सेटिंग, कोणत्या उजेडाला धरून ठेवता?

आणि कॅमेरा पहिल्याच दिवशी बाहेर काढावा की नाही? आमच्या आजीच्या चुलीपाशी कुणी अनोळखी माणूस असा कॅमेरा रोखून बसला असता तर तिला मुळीच रुचलं नसतं. परक्यांच्या घरात राहून काम केलेल्यांनी जरूर सांगा.