मदत हवी आहे: १९६७ पूर्वीच्या कथांतील काल्पनिक अमेरिकी उपराष्ट्राध्यक्ष

अमेरिकी कादंबऱ्या, नाटके, चित्रपट आणि मालिकांतील काल्पनिक उपराष्ट्राध्यक्षांवर मी एक लेख लिहीत आहे. पंचविसावी घटनादुरुस्ती १९६७ मध्ये अमलात येईपर्यंत रिक्त झालेले हे पद मुदतीच्या मध्यात भरण्याची तरतूदच नव्हती. त्यानंतरच्या काळातील उदाहरणे विपुल आहेत: ‘द वेस्ट विंग’ या मालिकेत उपराष्ट्राध्यक्ष हॉइन्स यांच्या राजीनाम्यानंतर रसेल यांची नेमणूक होते, ‘द कंटेंडर’ (२०००) हा चित्रपट अशाच नेमणुकीच्या सुनावणीवर उभा आहे, तर ‘एअर फोर्स वन’मध्ये (१९९७) उपराष्ट्राध्यक्ष कॅथरीन बेनेट राष्ट्राध्यक्षांना अक्षम ठरवणाऱ्या पत्रावर सही करण्यास नकार देतात. ‘वीप’ या मालिकेविषयी तर सगळेच बोलतात, त्यामुळे ती कृपया सुचवू नये.

अडचण आधीच्या काळाची आहे. ‘ऑफ दी आय सिंग’ (१९३१) या संगीतिकेतील थ्रॉटलबॉटम हे बिचारे पात्र निव्वळ विनोदापुरते आहे. ॲलन ड्रूरी यांच्या ‘ॲडव्हाइज अँड कन्सेंट’मधील (१९५९) हार्ली हडसन राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतर पदावर येतात, आणि १९६२ च्या चित्रपटात तर सिनेटमध्ये समान मते पडली असताना ते निर्णायक मत देण्याचे टाळतात, माझ्या मते हा त्या पदाचा सर्वांत नेमका उपयोग आहे, परंतु कथानायक तेही नाहीत.

ट्रुमन किंवा जॉन्सन यांच्यासारख्या प्रत्यक्ष व्यक्तींवरील कलाकृती नकोत. मूळ इंग्रजी किंवा मराठी अनुवाद, दोन्ही चालतील. १९६७ पूर्वीची अशी एखादी कादंबरी, नाटक किंवा चित्रपट आपल्याला ठाऊक आहे का, ज्यात काल्पनिक उपराष्ट्राध्यक्ष हेच मध्यवर्ती पात्र आहे?